व्यसनमुक्ती विभागातील प्रशिक्षण: माझा अनुभव

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या दोन वर्षांच्या एम. फिल. अभ्यासक्रमात व्यसनमुक्ती विभागाची पाळी येईपर्यंत नैराश्य, चिंताविकार आणि बुद्धिमापन यांत माझा हात बऱ्यापैकी बसला होता. व्यसनाच्या बाबतीत मात्र उपचारापेक्षा माहिती घेणेच अधिक कसोटीचे असते, हे माझे मत तिथे बनले आणि ते आजही कायम आहे.

रुग्ण ‘रोज एक क्वार्टर’ म्हणतो, तेव्हा तेवढेच लिहून भागत नाही. १८० मिलिलिटर व्हिस्कीत ४२.८ टक्के मद्यार्क धरला, तर सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमला एक याप्रमाणे साधारण ६ युनिट होतात. शिवाय बाटली एकट्याने संपवली की वाटून घेतली, हेही विचारावे लागते. एका मध्यमवयीन रुग्णाने रात्रीचा हिशेब चोख दिला. सकाळचे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘हात कापतात ना मॅडम, म्हणून नाइंटी घेतो. ते काय पिणं नाही.’’ निदानासाठी खरी मोलाची होती ती नाइंटीच, कारण अशा रुग्णाने दारू एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात किंवा दोन-चार दिवसांत जिवावर बेतणारा भ्रम होऊ शकतो. त्यामुळे त्याला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे हेच आमचे पहिले काम ठरले.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दारू पिण्याच्या सवयी तपासणारी १० प्रश्नांची चाचणी तुलनेने लवकर जमते. स्मृतीच्या चाचण्या मात्र शरीरातून दारू उतरून काही आठवडे जाईपर्यंत पुढे ढकलाव्या लागत. घाईने घेतलेले गुण फसवे असतात.

उपचारात मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांची प्रेरणात्मक मुलाखत, म्हणजे उपदेश न करता रुग्णाच्याच बोलण्यातून बदलाची इच्छा पुढे आणण्याची पद्धत, शिकवली गेली. रुग्णाच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण सुपरवायझर माझ्यासमोर ऐकत आणि मी किती प्रश्न विचारले व रुग्णाचे म्हणणे किती वेळा त्याला परत उलगडून सांगितले, हे कागदावर रेघा ओढून मोजत. एका प्रश्नामागे अशी दोन विधाने असावीत, हा त्यांचा आग्रह होता. (बोलक्या स्वभावाच्या प्रशिक्षणार्थींना हे विशेष जड जाते.)

घरी सोडण्यापूर्वीच्या सत्रांत पगाराचा दिवस, जुने मित्र आणि कामावरून परतण्याचा रस्ता यांचा बारकाईने विचार होई. त्या रुग्णाने पगार थेट पत्नीच्या खात्यात जमा करण्याचे स्वतःच सुचवले. गुत्त्यावरून जाणारा रस्ता बदलण्यास मात्र तो शेवटपर्यंत तयार झाला नाही, म्हणून त्या रस्त्यावर मित्राने हाक मारली तर काय उत्तर द्यायचे, याचा सराव आम्ही पुढच्या भेटींतही चालू ठेवला.