मुलगी आजारी, शाळा बुडतेय... म्हणजे आपण कायदा मोडतोय का?

मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा ती तिसरीत होती. ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालेल असं डॉक्टर म्हणाले आणि खरं सांगते, पहिले दोन महिने शाळा हा विषय डोक्यातच नव्हता, रोज उठून आज काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, किती आले एवढंच. मग एक दिवस शाळेतून फोन. हजेरी फारच कमी आहे, असं कसं चालेल, त्यापेक्षा तुम्ही दाखला काढून घ्या, बरी झाली की बघू. वर हेही ऐकवलं की शिक्षण सक्तीचं आहे, जबाबदारी पालकांची असते.

पोरगी सलाईनवर आणि चूक आमची? रात्रभर झोप नाही. शेवटी तिच्या बेडशेजारी बसूनच मोबाईलवर शिक्षण हक्क कायदा उघडला, 2009 चा, आणि कलमं एकेक करून वाचली.

कलम 10 मध्ये पालकांचं कर्तव्य आहे, खरंय. पण काय, तर मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं. बस्स, एवढंच! मूल शाळेत येतंय ना, शिक्षण पूर्ण करतंय ना, हे बघणं कलम 8 ने सरकारवर टाकलंय. पालकांना दंड किंवा शिक्षा या कायद्यात कुठेच नाही. आणि कलम 16 म्हणतं की आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. 2019 ला दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत नापास करायची मुभा आली पण काढून टाकायची बंदी तशीच राहिली. म्हणून तर शाळा "आम्ही काढतो" म्हणत नाही, "तुम्हीच दाखला घ्या" म्हणते. हे माझ्या लक्षात यायला किती दिवस गेले, आणि तोपर्यंत अर्जावर माझी सही होणारच होती!

मग मी साधा अर्ज लिहिला, आजार, ट्रीटमेंट अंदाजे कधीपर्यंत, नाव पटावर ठेवा, अभ्यास घरी पाठवा, सोबत डॉक्टरांचं पत्र. दोन प्रती, एकीवर शिक्का मारून पोच घेतली. तोंडी काही ठेवू नका, खरंच.

ज्यांनी दाखला आधीच काढलाय त्यांनी कलम 4 बघा, मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास प्रशिक्षण मिळायचा हक्क आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजार तर 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीतच आहेत, 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण. तीव्र दिव्यांग मुलांना घरीच शिकायचा पर्याय शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने आलाय. कॅन्सर मात्र त्या यादीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, ही मुलं महिनोन् महिने घरात अडकतात.

उजव्या हाताला सुई होती तेव्हा माझी लेक डाव्या हाताने शुद्धलेखन लिहायची, अक्षर वाकडंतिकडं, पण बाईंनी पाठवलेली दहा वाक्यं पूर्ण. आता मेंटेनन्स, म्हणजे ट्रीटमेंटचा शेवटचा, हलका टप्पा चालू आहे, आठवड्यातून तीन दिवस शाळेत जाते, आणि वर्गात कुणाला कांजिण्या आल्या की बाई सगळ्यात आधी मला फोन करतात.