नागावची विहीर

रविवार, रात्री

आज आत्याकडे उरणला जाऊन आले. नेरूळहून लोकल आता थेट उरणपर्यंत जाते. 12 जानेवारी 2024 ला या गाडीचं आणि अटल सेतूचं उद्घाटन एकाच दिवशी झालं. आत्याला भेटणं सोपं झालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण या सोयींच्या मागोमाग तिच्या अंगणात एक नवा वाद आला आहे.

उरणजवळच्या नागावचं तिचं घर तसं लहानच. ओटी, माजघर, दोन खोल्या, वर मंगलोरी कौलं. जागा मात्र 18 गुंठे, म्हणजे साडेएकोणीस हजार चौरस फुटांच्या वर. माझ्या फ्लॅटसारखे तीसेक फ्लॅट सहज मावतील. नारळ, रायवळ आंबे, परसात विहीर. समुद्र इतका जवळ की खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज गंजतात, भिंतींना लोणा लागतो. आणि तरीही विहिरीचं पाणी गोड!

आतेभावाला हे घर शनिवार-रविवार पर्यटकांना भाड्याने द्यायचं आहे. अंगणभर पेव्हर ब्लॉक, मागे पोहण्याचा तलाव, त्यासाठी बोअर. त्याची अडचण मला समजते. कौलं शाकारायची, वाडी राखायची, तर पैसा लागतोच, आणि नुसत्या नारळांवर तो निघत नाही.

पण ती विहीर गोड राहिली आहे ती या मोकळ्या जमिनीमुळेच. किनाऱ्यालगत पावसाचं पाणी मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. भूजलाच्या अभ्यासातला ढोबळ हिशेब असा: समुद्रपातळीच्या वर 1 मीटर गोडं पाणी असेल, तर तिच्याखाली साधारण 40 मीटर असतं. म्हणजे वरचं पाणी थोडं जरी उपसून खाली गेलं, तरी खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. खोल बोअरला मोठा पंप लावला की ते वर ओढलंच जातं. एकदा मचूळ झालेली विहीर सहजासहजी सुधारत नाही, त्यात पावसाळ्यामागून पावसाळे जातात. वर अंगण ब्लॉकने झाकलं, तर पागोळ्यांचं पाणी मुरण्याऐवजी सरळ गटारात जाणार. मग ती भरून यायची तरी कशी?

येणारा जाणारा प्रत्येक जण आत्याला गुंठ्याचा भाव विचारतो. अलीकडे तर जरा जास्तच. मला वाईट वाटतं ते याचं, की इतकी जागा ‘नुसती पडून आहे’ असं आपलीच माणसं म्हणतात. ती पडून नाही. पावसाळाभर ती पाणी पिते आणि मे महिन्यात आपल्याला देते.

भावाशी भांडण नको आहे. खोल्या भाड्याने द्याव्यात, त्याला माझी ना नाही. गाड्यांसाठी फाटकाजवळ खडी टाकू, कौलांच्या पन्हळीचं पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडू. समुद्र दारात असताना तलाव कशाला हवा? गणपतीत सगळे जमतील तेव्हा हे मांडणार आहे. त्याआधी विहिरीच्या पाण्याचा खारेपणा तपासून आकडा त्याच्या हातात द्यायचा आहे, कारण तो आकड्यांचा माणूस आहे.

सातबारा आत्याच्या नावावर आहे. बोअरच्या कागदावर ती सही करणार नाही, हे निघताना तिने मला सांगितलं. भावाला मात्र अजून सांगितलेलं नाही.