संपला एकदाचा 'क्लॅनाड'

आज पहाटे 'क्लॅनाड' संपवला. 'की' या जपानी स्टुडिओचा २००४ चा गेम. गेम म्हणायचं, पण काम काय, तर वाचायचं आणि मधूनच एखादा पर्याय निवडायचा. सुरुवात भयंकर संथ! शाळा, टवाळक्या, नायक तोमोयाच्या सुनोहारा या मित्राची फजिती, पुन्हा शाळा. नायिका नागिसाला शाळेतलं बंद पडलेलं नाट्यमंडळ परत सुरू करायचंय, त्यातच तासन्‌तास जातात.

खरी गोष्ट शाळा सुटल्यावरची, 'आफ्टर स्टोरी'. तीही सहजासहजी उघडत नाही. आधी बाकीच्या पात्रांच्या कथा पुऱ्या करून प्रकाशाचे गोळे जमवावे लागतात. मग तोमोया विजेच्या कामावर लागतो, छोट्याशा खोलीत संसार मांडतो. एरवी प्रेमकथा होकारापाशी थांबते, इथे त्यानंतरची नोकरी, थकवा, बापाशी असलेलं जुनं वैर सगळं येतं. त्याची आजी बापाबद्दल बोलते तिथे मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि नुसता बसून राहिलो.

शेवटचा चमत्कार मात्र मला अजून पूर्ण पटलेला नाही. रडलो, ते वेगळं.

कुणी शेवट फोडू नका हं. धाकट्या भावाने कालच सुरू केलाय आणि विचारतोय, "दादा, यात मारामारी कधी आहे?"