तडतड आणि कळण्याची भाकरी
आज जळगाव एमआयडीसीतल्या एका मोठ्या किचनचा ईएसपी (धुरातलं तेल विजेच्या चार्जने प्लेटांवर पकडणारं मशीन) उघडला. चिमणीतून निळा धूर, आतून सारखी तडतड. मालक म्हणे, "भाऊ, मशीनच गेलं वाटतं."

मेन बंद केला, उरलेला चार्ज अर्थ रॉडने उतरवला, सेल (प्लेटांचा खोका) बाहेर ओढला. प्लेटांवर तेलाचा थर, शेवभाजीची तर्री गोठावी तसा! प्लेटा अ‍ॅल्युमिनियमच्या, कॉस्टिक सोडा त्यांना खातो (मागच्या कुणीतरी तेच वापरलेलं). म्हणून गरम पाणी, सौम्य डिटर्जंट. आयोनायझरची (धुराला चार्ज देणाऱ्या भागाची) एक तार तुटून प्लेटला टेकलेली, तडतड तिचीच.

ओला सेल लावला की पुन्हा ठिणग्या. पण वाळवायला आपलं खान्देशी ऊन आहेच.

संध्याकाळी चालू केला, धूर गायब. मालकांनी कळण्याची भाकरी-ठेचा पोटभर खाऊ घातला. बिलाचं मात्र "पुढच्या आठवड्यात पाहू."