चारही किताब परगावी

मुंबई सिटी एफसीच्या कपाटात फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचे (आयएसएल) चार किताब आहेत. लीगमध्ये पहिलं आल्याची दोन शील्ड, नंतरची बाद फेरी जिंकल्याचे दोन कप. आता ते कुठे जिंकले ते बघा. पहिलं शील्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये बांबोळीला. पहिला कप पुढच्याच महिन्यात फातोर्ड्याला. दुसरं शील्ड फेब्रुवारी २०२३ मध्ये, पुन्हा फातोर्डा. दुसरा कप मे २०२४ मध्ये, कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर. म्हणजे तीनदा गोवा आणि एकदा कोलकाता. अंधेरीत वीरा देसाई रोडवर ही टीम २०१६ पासून घरच्या मॅच खेळते, तिथे एकदाही नाही. मुंबईकर फॅनने आपल्या टीमला किताब जिंकताना बघितलं ते टीव्हीवर, नाहीतर रजा टाकून. खरं तर पहिल्या दोन वेळी रजा टाकूनही उपयोग नव्हता. कोरोनामुळे अख्खी स्पर्धा गोव्यात, बंद स्टेडियममध्ये चालली होती.

दुसरं शील्ड गोव्यात मिळालं तो वेळापत्रकाचा खेळ. फातोर्ड्यावर ५-३ जिंकले तेव्हा दोन मॅच बाकी होत्या आणि कुणी गाठू शकेल अशी शक्यता संपली होती. २०२४ ची गोष्ट मात्र जिव्हारी लागते. लीगचा शेवटचा दिवस, १५ एप्रिल, समोर कोलकात्याचा मोहन बागान, त्यांच्याच मैदानावर. मुंबईला नुसता ड्रॉ पुरत होता. २-१ हरलो. बागान ४८ गुणांवर, आपण ४७ वर. त्या वर्षी कपची फायनल ही लीगमध्ये वर असलेल्या टीमच्या घरी होणार होती. तेव्हा तो एक ड्रॉ जमला असता तर शील्ड तर आलं असतंच, शिवाय तीन आठवड्यांनी याच दोन टीमची फायनल मुंबईत झाली असती. झाली कोलकात्यात, साठेक हजार लोकांसमोर, आणि तिथे सिटीने ०-१ वरून ३-१ अशी जिंकली. आनंद झालाच. पण अंधेरीच्या स्टँडमधल्या माणसाला तो पार्सलने मिळाला.

शील्ड मोठं की कप, हा वाद दर मोसमात निघतो. आमचं मत सरळ आहे: शील्ड. शील्ड म्हणजे लीगचं पहिलं स्थान, २०२४-२५ पर्यंतच्या पद्धतीत प्रत्येक टीमशी दोनदा खेळून मिळवलेलं. कपची बाद फेरी त्यानंतर व्हायची. पहिल्या दोन टीम थेट सेमीफायनलला, तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या टीम आधी एकेक मॅच खेळून वर यायच्या. लीगमध्ये सहावी आलेली टीम चार बरे दिवस गाठून कप नेऊ शकायची. सहाव्या टीमला शील्ड कधीच मिळत नाही. कप टाकाऊ आहे असं कुणी म्हणत नाही, पण २०२२-२३ चा मोसम ज्याने बघितला त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. वीस मॅच, १४ विजय, ४ ड्रॉ, ४६ गुण, ५४ गोल. पहिल्या अठरा मॅचमध्ये एकही पराभव नाही. शील्ड हातात पडल्यावर उरलेल्या दोन्ही मॅच हरले. मग सेमीफायनलला बंगळुरूने घरी येऊन १-० मारलं. बंगळुरूत आपण २-१ जिंकून बरोबरी केली आणि पेनल्टीवर ९-८ असे घरी पाठवले गेलो. पाच महिन्यांचा हिशेब बारा यार्डांवरून झाला. त्या वर्षीची सर्वोत्तम टीम कोण होती, हे मात्र फायनल खेळलेल्यांनाही माहीत होतं.

ती टीम दिसायची कशी? पाया कोच सर्जिओ लोबेराने २०२०-२१ मध्ये घातला, पुढे त्याच्या जागी आलेल्या डेस बकिंगहॅमने त्यावर मजला चढवला. गोलकीपरने बॉल लांब भिरकावायचा नाही. दोन सेंटर बॅक फाकून उभे राहणार आणि त्यांच्यामध्ये मिडफिल्डर अहमद जाहू खाली येऊन बॉल मागणार. दोन्ही फुलबॅक वर चढणार, विंगर टचलाइन धरणार. विरोधी टीमचा एक फॉरवर्ड जाहूच्या अंगावर आला की कुणीतरी मोकळा सुटतो, बॉल त्याच्याकडे जातो. फॉरवर्ड आला नाही तर जाहू मान वर करून चाळीस यार्ड तिरका पास टाकतो. दोन्हीकडून फायदा आपलाच, असं कागदावर.

कागदाबाहेर काय होतं ते २०२१ च्या, बागानविरुद्धच्या फायनलमध्येच दिसलं. अठराव्या मिनिटाला जाहू आपल्याच पेनल्टी बॉक्सच्या तोंडावर बॉल घेऊन रेंगाळला, बागानच्या रॉय कृष्णाने तो काढून घेतला, डेव्हिड विल्यम्सने गोल केला. मागून खेळत येण्यातला धोका हाच आहे. चूक मध्यरेषेपाशी झाली तर सावरायला पन्नास यार्ड असतात. बॉक्सपाशी झाली तर गोलकीपर एकटा असतो. पण त्याच जाहूचा लांब पास अकरा मिनिटांनी बागानच्या तिरीच्या डोक्याला लागून त्यांच्याच जाळ्यात गेला. शैली टाकून द्यावी की धरून ठेवावी, याचं उत्तर एका हाफमध्ये दोन्ही बाजूंनी मिळालं. आम्ही धरून ठेवावी या बाजूचे. अर्थात, विजयी गोल आला तो शैलीतून नव्हेच. नव्वदाव्या मिनिटाला लांब बॉल, बागानचा गोलकीपर अर्धवट पुढे आलेला, आपला स्ट्रायकर ओगबेचे याने अंगाच्या ताकदीवर बॉल जिंकून बिपिन सिंगला दिला आणि बिपिनने काम केलं. २०२४ च्या फायनलमध्येही बिपिन होताच, ८१ व्या मिनिटाला. मणिपूरच्या या मुलाचं नाव मुंबईच्या दोन्ही कपवर कोरलेलं आहे आणि तरी रस्त्यात त्याला ओळखणारे शंभरात दोन निघणार नाहीत. क्रिकेटचं गाव आहे, त्याला इलाज नाही.

आता तक्रार. जिंकलं की घर रिकामं करायचं, ही या क्लबची जुनी खोड. २०२१ चे दोन्ही किताब घेतले आणि उन्हाळ्यात कॅप्टन-गोलकीपर अमरिंदर आणि प्लेमेकर बूमूस दोघेही ज्यांना हरवलं त्याच बागानकडे गेले. ओगबेचे हैदराबादला. लोबेराही गेला. पुढच्या मोसमात टीम पाचवी. २०२३ च्या शील्डनंतर जाहू आणि मुर्तदा फॉल लोबेराच्या मागोमाग ओडिशाला. २०२४ च्या कपनंतर कॅप्टन राहुल भेके आणि परेरा डियाझ बंगळुरूला, अपुया बागानला. पुढच्या मोसमात टीम कशीबशी सहावी आली आणि बाद फेरीच्या पहिल्याच मॅचमध्ये बंगळुरूने ५-० असा निकाल लावला. खेळाडू जातात, करार संपतात, पगाराची मर्यादा असते, हे सगळं मान्य. पण कणा एकाच उन्हाळ्यात काढायचा नसतो. गोलकीपर, एक सेंटर बॅक, बॉल खेळवणारा मिडफिल्डर आणि स्ट्रायकर, या चौघांपैकी दोघे तरी टिकले पाहिजेत. मागून खेळणाऱ्या टीममध्ये तर जास्तच. कुठला पास कुठल्या पायावर द्यायचा हे अंगवळणी पडायला अर्धा मोसम जातो आणि तेवढ्यात पहिल्या चारातली जागा गेलेली असते.

भेके गेला ते विशेष लागलं. मुंबईचाच पोरगा, जुन्या मुंबई एफसीतून वर आलेला, घरच्या टीमचा कॅप्टन म्हणून कप उचलणारा मराठी आडनावाचा डिफेंडर. असा माणूस जाहिरातीत शोधून मिळत नाही. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबई सिटी ठरला, तेव्हा विजयी हेडर त्याचाच होता. (तोही परगावी, हे सांगायला नको.)

खेळाडू जाण्याच्या तक्रारीपलीकडे एक जुनी धास्तीही आहे. टीम किंवा स्पर्धा बंद पडणं मुंबईच्या फुटबॉलला नवं नाही. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स कप कूपरेजवर शतकभर रंगला आणि या शतकाच्या सुरुवातीला थांबला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये गाशा गुंडाळला. मुंबई एफसीही गेली. शेजारची पुणे सिटी गेली तेव्हा तर आपली हक्काची भांडणंच गेली. त्यामुळे मँचेस्टर सिटीवाल्या समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा फॅनला हायसं वाटलं होतं. २०२५ च्या अखेरीस तो समूह बाहेर पडला आणि क्लब पुन्हा मूळ मालकांकडे आला. पुढे काय, याची चर्चा चहाच्या टपरीवर जितकी होते तितकी बोर्डरूममध्ये होत असेल अशी आशा करायची.

तरी अंधेरीला जावं. पहिली दोन वर्षं टीम नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर खेळायची. पन्नासेक हजारांचं मैदान, पण क्रिकेटचं, गोल. फुटबॉलचा आयत त्याच्या मधोमध पडलेला, कॉर्नर फ्लॅग लांब कुठेतरी. अंधेरीचं स्टेडियम दहा हजारांच्या आतलं आहे, म्हणून गोलकीपर बॅकवर ओरडतो ते ऐकू येतं, टॅकलचा आवाज येतो. एका स्टँडला वेस्ट कोस्ट ब्रिगेड हा आपला फॅन ग्रुप असतो, ढोल, झेंडे आणि नव्वद मिनिटं उभं राहून गाणी. बसून मॅच बघायची असेल तर तिथलं तिकीट काढू नका, पुढच्या माणसाची पाठ बघून परत याल. खेळ समजून घ्यायचा असेल तर खालच्या रांगांचा मोहही टाळा. जवळून अंतरं कळत नाहीत, सगळे एकाच ओळीत उभे दिसतात. शक्य तितकं वर आणि मध्यरेषेच्या आसपास बसा.

वर बसलात की पहिली दहा मिनिटं बॉल सोडून लाल्लियानझुआला छांगतेकडे बघा. डावखुरा असून उजव्या विंगवर खेळतो, म्हणजे बॉल मिळाला की आत वळणार. त्याला बॉल गोलकडे पाठ करून मिळतोय की अर्धवट वळलेला असताना, एवढंच मोजायचं. पाठ करून मिळत असेल तर समोरच्या लेफ्ट बॅकने त्याला बांधलंय आणि संध्याकाळ कठीण जाणार. वळलेला असताना मिळत असेल तर गोल फार लांब नाही. तो आत आला की बाहेरची मोकळी पट्टी भरायला आपला राइट बॅक धावत वर जातो. आता मागे बघा. बॉल हरवला तर त्या राइट बॅकच्या पाठीमागे अर्ध्या मैदानाएवढी रिकामी जागा असते आणि शहाणी टीम पहिला लांब पास तिथेच टाकते. सेंटर बॅकला बाजूला सरकावं लागतं, मधली जागा उघडी पडते. मुंबईने खाल्लेल्या गोलांपैकी बरेच या एका रस्त्याने आले आहेत. स्टँडमध्ये मात्र शिव्या सेंटर बॅकलाच पडतात, कारण गोल होताना चित्रात तोच असतो.

पोचायचं कसं? साडेसातची मॅच म्हणजे तुम्ही ऐन गर्दीत चर्चगेटकडून उत्तरेला निघणार. विरार फास्ट पकडू नका, अंधेरीला उतरता येईल याची खात्री नाही. बोरिवलीचीही नको. अंधेरी स्लो बरी, वेळ जास्त लागतो पण शेवटचं स्टेशनच अंधेरी असल्याने कुणी अडवत नाही. मध्य रेल्वेवाल्यांनी घाटकोपरला मेट्रो धरून आझाद नगरला उतरावं, तिथून मैदान चालत आहे. अंधेरी स्टेशनवरून रिक्षा करू नये. त्या वेळी मीटर पळतो आणि रिक्षा उभी असते. मोठी बॅग, पाण्याची बाटली, हेल्मेट घरी ठेवा. गेटवर सहसा अडवतात आणि ठेवायची सोय शोधेपर्यंत पहिला कॉर्नर झालेला असतो.

परतीच्या गाडीसाठी ८५ व्या मिनिटाला उठणारी एक जमात प्रत्येक स्टँडमध्ये असते. त्यांच्यासाठी एक नोंद. २४ एप्रिल २०२४, गोव्याविरुद्ध सेमीफायनलची पहिली मॅच. नव्वदावं मिनिट लागलं तेव्हा मुंबई ०-२ ने मागे होती. छांगते, विक्रम प्रताप, पुन्हा छांगते, आणि सहा-सात मिनिटांत ३-२ असा विजय. पाच दिवसांनी अंधेरीत परतीची मॅच झाली, तीही ६९ व्या मिनिटापर्यंत ०-० होती आणि २-० अशी संपली. दुसरा गोल ८३ व्या मिनिटाचा, म्हणजे अंधेरीत लवकर उठणारे त्या रात्री नशिबाने वाचले. मॅच साडेनऊच्या आसपास सुटते, चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्या त्यानंतरही भरपूर असतात आणि तोवर बसायला खिडकीही मिळते.