तराजूचा पैसा

"शेट, हे सोनं न्हाई, ठावं हाय मला. पण काय हाय ते तरी सांगा."

मावशींनी पदराची गाठ सोडून काउंटरवर एक हिरवट चकती ठेवली. आंब्याचं कलम लावायला खड्डा खणताना हातभर खाली सापडली होती. त्यांची जमीन जुन्या घाटरस्त्याला लागून आहे.

खोपोलीत आमचं सराफीचं दुकान आहे, मी तिसऱ्या पिढीतला. जमिनीत काही सापडलं की लोक आधी सराफाकडेच येतात, त्यामुळे पितळी गुंड्या, देवांचे टाक, गंजलेल्या मुद्रा असं पुष्कळ पाहिलंय. पण त्या दिवशी मावशी एकट्या नव्हत्या. सोबत भाचा होता आणि त्याच्या फोनवर कुणाचा तरी सारखा फोन येत होता. नाणं 'तांदूळ ओढणारं' आहे, कोटीला जाईल, फक्त चाचणीसाठी आधी वीस हजार भरा, असं त्याला सांगितलं होतं. मावशींनी त्यासाठी गळ्यातली बोरमाळ मोडायची तयारी केली होती. ती त्यांच्या पिशवीत होती.

मी भाच्याला फोन बंद करायला सांगितलं. तांदळाचे दाणे कुठलंच नाणं ओढत नाही. या ठगीत रामदरबाराचं चित्र आणि 'ईस्ट इंडिया कंपनी' असं लिहिलेली, १८१८ वगैरे सालांची नाणी दाखवतात. कंपनीने तसं एकही नाणं कधी पाडलेलं नाही. हे मी त्याला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्याला ते पटलं नव्हतं.

मग नाणं हातात घेतलं. एक बाजू लखलखीत होती. सुनेने चिंच आणि राख लावून घासली होती. मला खरंच वाईट वाटलं. तांब्यावर मातीत चढलेला हिरवा-तपकिरी थर म्हणजे नुसता मळ नसतो, त्याच्याखाली अक्षरं टिकून राहतात. घासलेल्या बाजूला ढाल आणि तिला धरून उभ्या दोन सिंहांची नुसती छाया उरली होती. खालचं साल पार गेलं होतं. नशिबाने दुसऱ्या बाजूला कुणी हात लावला नव्हता.

लोहचुंबकाला नाणं चिकटलं नाही. काट्यावर सहा ग्रॅमला थोडं वर भरलं. मूळ वजन साधारण साडेसहा ग्रॅम असतं, झिजेचं कमी झालं. भिंग लावून न घासलेली बाजू उजेडाकडे तिरकी धरली, तर एक तराजू दिसला. दांडी, दोन दोऱ्या, दोन पारडी. वर इंग्रजीत 'क्वार्टर आना', आणि पारड्यांच्या मधोमध फारसी लिपीत तीन अक्षरं: ऐन, दाल, लाम. अद्ल, म्हणजे न्याय. आदिलशाहीतला 'आदिल' याच मुळाचा.

तराजूखाली हिजरी साल होतं, १२४९. आजोबांनी शिकवलेला हिशोब आठवला. हिजरी सालातून शंभराला तीन वजा करायचे आणि ६२२ मिळवायचे. १२४९ मधून सदतीस-साडेसदतीस गेले, ६२२ आले, उत्तर १८३३. कंपनीच्या मुंबई इलाख्याचे असे पाव आणे १८३० ते १८३३ या काळातलेच, आणि १८३३ च्या नाण्यावर १२४९ असतं. चिंचेने पुसलेलं साल दुसऱ्या बाजूने परत मिळालं, तेव्हा मी दुकानात मोठ्याने "अठराशे तेहतीस!" म्हणालो.

"ढब्बू पैसा म्हणायची आमची आजी," मावशी म्हणाल्या.

ढब्बू म्हणजे दोन पैशांचा, जाड. हा एकेरी पैसा. असे चार म्हणजे आणा, चौसष्ट म्हणजे रुपया. तराजूचे पैसे त्याआधीही होते. १८०४ चे तर इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ सोहोच्या टांकसाळीत पाडून जहाजाने मुंबईला आले. हा मात्र आपल्या मुंबईतला, फोर्टमधल्या नव्या टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पडलेला. दोनच वर्षांनी, १८३५ च्या कायद्याने साऱ्या इलाख्यांना एकच नाणं आलं आणि पैशावरचा तराजू गेला. त्याच्या जागी वेलीच्या कड्यात इंग्रजी अक्षरं आली. मला तो बदल अजून आवडत नाही. मालाचं माप बघून पैसा मोजणाऱ्या बाजारात तराजू कुणालाही वाचता येत होता, अक्षरओळख नसलेल्यालाही. बाजारात तेव्हा शिवरायाही, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी तांब्याची नाणीही, चालत होत्या. दोन्ही कमरेच्या एकाच कशात, पैशाच्या पिशवीत, खुळखुळत असतील.

आणि जागा! बोरघाटातून गाड्यांची वाट १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुली झाली. तीन वर्षांनी टांकसाळीत पाडलेला पैसा त्याच वाटेच्या कडेला सापडला. कुणी गाडीवान बैल सोडून बसला असेल, कमरेची पैशाची पिशवी सैल झाली असेल, हे मी मावशींना सांगितलं. तो माझा अंदाज आहे, तेही सांगितलं.

"मग किती येतील?"

"काही शे रुपये. घासला नसता तर थोडे जास्त. पण मी घेणार नाही."

जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, असा १८७८ चा कायदा आहे. तो अर्ज मीच लिहून दिला. बोरमाळ त्यांनी माझ्यासमोर गळ्यात घातली. भाच्याने तो नंबर काढून टाकला.

पैसा कोऱ्या कागदात गुंडाळत होतो, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "थांबा, शेट. त्या तराजूची पारडी सारखी हायेत का बघा."

मी पुन्हा भिंग लावलं. आजोबांची पितळी तागडी माझ्यामागे भिंतीला टांगलेली आहे. मावशी तिच्याकडे बघत होत्या.

"सारखी आहेत, मावशी."