दोन पंखे लावूनही तापणारा पीएस-५

पीएस-५ या सोनीच्या गेम कन्सोलबद्दल तक्रार अशी होती: गेम सुरू करून अर्धा-पाऊण तास झाला की पडद्यावर 'पीएस-५ फार तापला आहे, बंद करा' अशी सूचना यायची. एका दुकानाने लिक्विड मेटल, म्हणजे चिपची उष्णता हीटसिंककडे (ती हवेत सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांकडे) नेणारा पातळ धातू, बदलायला सांगितलं होतं. हे मेटल वीजवाहक असतं, बोर्डवर थेंब सांडला की शॉर्टसर्किट. म्हणून बाहेरची हवा तपासल्याशिवाय मी हीटसिंकला हात लावत नाही. कन्सोल टीव्ही युनिटमधून काढून मोकळ्या टेबलावर ठेवला, तोच गेम तासभर चालवला. सूचना आली नाही. म्हणजे दोष कप्प्याचा.

कप्पा प्लायचा, 56 सेंमी रुंद, 45 खोल, पुढे काचेचं दार. सुताराकडून 120 मिमीचे दोन पंखे बसवून घेतले होते. मागच्या फळीतला हवा बाहेर फेकणारा, उजव्या फळीत मागच्या अंगाला बसवलेला आत घेणारा. दिशा दोन्हींची बरोबर होती. (चौकटीवर बाण नसेल तर मोटार धरणारे दांडे ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते.)

उदबत्ती लावल्यावर खरं कारण दिसलं. उजव्या पंख्यापाशी धरलेला धूर कन्सोलच्या पाठीमागून सरळ मागच्या पंख्यात शिरत होता. दोन पंख्यांत अंतर जेमतेम वीतभर. काचेच्या आत मात्र धूर जागीच घुटमळत होता. पीएस-५ हवा घेतो पुढून, दोन्ही पांढऱ्या पॅनेलच्या कडेच्या फटींतून, आणि गरम हवा मागच्या जाळीतून सोडतो. उजव्या पंख्याचा झोत त्या गरम हवेला आडवा जाऊन तिचा बराच भाग डाव्या बाजूने पुढे ढकलत होता, आणि कन्सोल तीच हवा पुन्हा ओढत होता. खोलीत 31 अंश, कन्सोलच्या तोंडाशी 46. सोनीने या कन्सोलसाठी दिलेली वरची मर्यादा 35 अंशांची आहे.

शिवाय 12 व्होल्टचे पंखे टीव्हीच्या यूएसबीवर, म्हणजे 5 व्होल्टवर चालवले होते. वेग निम्म्याहून कमी. वेग निम्मा झाला की हवा निम्मी होते, पण दाब चौथाईवर येतो. मग जाळीतून हवा ओढायची ताकदच उरत नाही.

जड गेमला पीएस-५चं पहिलं मॉडेल साधारण 200 वॉट घेतं आणि ती सगळी उष्णता होते. हवा 10 अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर मिनिटाला 1 घनमीटर, म्हणजे 35 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवी. पूर्ण वेगाने फिरणारा एक चांगला पंखा एवढी हवा देतो, फक्त तिला आत यायला वाट पाहिजे.

उजवा पंखा काढून भोक प्लायच्या तुकड्याने बंद केलं. ते उघडं राहिलं असतं तर मागच्या पंख्याने जवळची वाट म्हणून तिथूनच हवा ओढली असती. युनिट पायांवर उभं होतं, म्हणून कप्प्याच्या तळाला काचेलगत 28 बाय 8 सेंमीची खाच कापून स्टीलची जाळी लावली. पंख्याची पाती फिरतात ती जागा सुमारे 100 चौरस सेंमी. जाळी अंदाजे निम्मी जागा खाते, म्हणून खाच दुपटीची. कन्सोलमागे 10 सेंमी मोकळे सोडले, युनिट भिंतीपासून 8 सेंमी पुढे ओढलं, पंखा 12 व्होल्ट 1 अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरवर घेतला.

सगळ्यात मोठा फरक पडला तो फोमशीटच्या पडद्याने. कन्सोलच्या मागच्या कडेशी, वरून आणि दोन्ही बाजूंनी तो असा कापून बसवला की पुढचा भाग थंड हवेचा आणि मागचा गरम हवेचा झाला. पडदा नसताना कन्सोलच्या तोंडाशी 38 अंश, बसवल्यावर 33. काच बंद ठेवून तासभर गेम चालला, सूचना आली नाही.

कन्सोलची पांढरी पॅनेल काढून धूळ साठायची दोन्ही भोकंही व्हॅक्यूमने साफ केली. तेव्हा आतला पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. तळाची जाळी मात्र घरच्यांनीच महिन्यातून एकदा पुसायची आहे. ती धुळीने बुजली की पंखा काचेच्या फटींतून हवा शोधायला लागतो.